कुंपणाच्या आतला खर्च कोणी द्यायचा?

अणुवीज स्वस्त की महाग, या वादात उभारणी, इंधन आणि देखभाल यांचा हिशेब नेहमी मांडला जातो. अपघात झाल्यास साफसफाई कोणाच्या पैशाने होणार, हा रकाना मात्र बहुधा कोराच राहतो. ही किरकोळ त्रुटी नाही, असे आम्हाला वाटते. अमेरिकेतील थ्री माइल आयलंडच्या उदाहरणावरून आपण ते तपासून पाहू.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील या केंद्राची दुसरी अणुभट्टी डिसेंबर १९७८ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. पुढे तीनच महिन्यांनी, २८ मार्च १९७९ रोजी, थंड करणाऱ्या पाण्याच्या व्यवस्थेत बिघाड झाला. एक झडप उघडीच राहिली, ते चालकांच्या लक्षात आले नाही, आणि भट्टीच्या गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला. किरणोत्सारी पदार्थ बहुतांशी इमारतीतच अडकले. बाहेर मोठी हानी झाली नाही, असे सांगून या अपघाताची हकिकत सहसा संपवली जाते. पैशाची गोष्ट मात्र तेथून पुढे सुरू होते.

कुंपणाबाहेरच्या लोकांसाठी तरतूद होती. १९५७ च्या प्राइस-अँडरसन कायद्याने ६ कोटी डॉलरचा खाजगी विमा आणि ५० कोटी डॉलरची सरकारी हमी अशी व्यवस्था केली होती, आणि त्यापलीकडे जबाबदारीला मर्यादा घातली होती. ही व्यवस्था पुढे बदलत गेली. अपघातानंतर घर सोडून गेलेल्या कुटुंबांना विमा कंपन्यांनी राहण्याखाण्याचा खर्च तत्परतेने दिला. पुढे दावे आणि खटल्यांचा खर्च मिळून सुमारे ७.१ कोटी डॉलर दिले गेले. कायद्याचा हा भाग उपयोगी पडला, हे मान्य केलेच पाहिजे.

पण कुंपणाच्या आतल्या साफसफाईला हा कायदा लागू नव्हता. त्यासाठी कंपनीचा स्वतःचा मालमत्ता विमा होता ३० कोटी डॉलरचा. साफसफाई चालली १९९३ पर्यंत आणि तिला खर्च आला सुमारे ९७.३ कोटी डॉलर. म्हणजे विम्यातून एक तृतीयांशही भागले नाही. शेजारची धड असलेली भट्टीही १९८५ पर्यंत बंद राहिली. कंपनीला बाहेरून वीज विकत घ्यावी लागली आणि ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. पैशाअभावी काम रेंगाळले, तेव्हा इमारतीच्या तळघरात लाखो लिटर किरणोत्सारी पाणी साठलेले होते आणि बाहेर सस्क्वेहाना नदी वाहत होती. आतली घाण आणि बाहेरच्यांची सुरक्षितता या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मानल्या. निसर्ग तसे मानत नाही.

अखेर १९८१ मध्ये राज्यपाल थॉर्नबर्ग यांनी वाटणीची योजना मांडली. कंपनी, तिचे ग्राहक, इतर वीज कंपन्या, दोन राज्ये आणि केंद्र सरकार या सर्वांनी भार उचलावा, असे ठरत गेले. यातून शिकता येईल म्हणून जपाननेही पैसे दिले. अपघाताआधी ही वाटणी कोणालाही विचारलेली नव्हती, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

यावर उत्तर दिले जाते की, इतका मोठा धोका विमा कंपन्या घेऊच शकत नाहीत. ते खरे आहे. विमा चालतो तो मोठ्या संख्येच्या नियमावर: लाखो वाहने, त्यांपैकी दरवर्षी साधारण ठरावीक अपघात, त्यावरून हप्ता. अणुभट्ट्या थोड्या, अपघात विरळ आणि नुकसान प्रचंड असल्यामुळे सरासरीचा भरवसा उरत नाही. आपल्या घराची किंवा वाहनाची पॉलिसी काढून पाहा. किरणोत्सारामुळे झालेले नुकसान वगळल्याचे कलम तिच्यात बहुधा सापडेल. मात्र विमा नाकारल्याने धोका नाहीसा होत नाही. तो जनतेच्या खात्यावर जातो. कोळशाच्या धुराचा खर्चही वीजबिलात नसतो, हा प्रतिवाद योग्यच आहे. पण त्यावरून दोन्ही हिशेब पुरे करावेत इतकेच सिद्ध होते.

अमेरिकेने नंतर नियम केला. मोठ्या अणुभट्टीसाठी सुमारे १०६ कोटी डॉलरचा मालमत्ता विमा हवा आणि त्यातून आधी भट्टी सुरक्षित करण्याचा व साफसफाईचा खर्च भागवावा. हे योग्य पाऊल होते. ते पुरेसे आहे का? २०११ मध्ये फुकुशिमाला अपघात झाला. जपानी कायद्यात चालक कंपनीची जबाबदारी अमर्याद होती, पण आधीपासून बाजूला ठेवलेली हमी प्रत्येक केंद्रामागे १२,००० कोटी येनची होती. २०२३ मध्ये एकूण खर्चाचा सरकारी अंदाज २३.४ लाख कोटी येनवर गेला. कायद्याने अमर्याद म्हटले तरी कंपनीची तिजोरी अमर्याद नसते. २०१२ मध्ये ती कंपनी सरकारलाच ताब्यात घ्यावी लागली.

हमीच्या किती पट खर्च आला, हे वर्गात भागाकार करून मुलांना काढू द्यावे. उत्तर १९५ येईल. मग त्यांना विचारावे: उरलेले १९४ भाग कोणी द्यायचे, आणि ते कधी ठरायला हवे होते?