मशीनला तेल कोणी घातलं?

दोस्तहो, मशीन दिसलं की विज्ञानकथा आणि मंत्र दिसला की अद्भुतकथा, अशी वाटणी पांढरपेशी समीक्षा करून मोकळी होते. साच्यावर उभं राहणाऱ्याचं एवढ्यानं भागत नाही. मशीन कशावर चालतं, कोण चालवतं आणि कुणासाठी, हे त्याला रोज कळत असतं. त्याच डोळ्यांनी हे दोन प्रकार बघू.

भांडण जुनं आहे. ज्यूल व्हर्ननं १८६५ च्या कादंबरीत माणसं तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे उडवली. एच. जी. वेल्सनं १९०१ साली गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थच कल्पिला आणि त्याच्या जोरावर माणसं चंद्रावर उतरवली. व्हर्न बिथरला. मी पदार्थविज्ञान वापरतो, हा नुसतं रचतो, दाखवा म्हणावं तो धातू, अशी त्याची तक्रार. सवाल रोकडा आहे. पण व्हर्नच्या तोफेतून उडालेला माणूसही पहिल्या धक्क्यालाच चेंगरून मेला असता. विज्ञान दोघांचंही कच्चं. तरी दोघंही विज्ञानकथाकारच, कारण 'असं कसं झालं?' म्हणून हटकलं तर जबाब द्यायला दोघंही बांधलेले. जबाब चुकला तर चूक तपासता येते. अद्भुतकथेवर हे बंधन नाही. अंगठी घातली की माणूस दिसेनासा होतो, संपलं. तिनं आपलाच नियम मध्ये मोडायचा नाही, एवढंच.

हा फरक पुस्तकी नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातल्या विमानांवर निबंध वाचला गेला. त्याची भिस्त 'वैमानिक शास्त्रा'वर. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी तो ग्रंथ १९७४ सालीच तपासला होता. मजकूर १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निकाल. अरे, विमानाची गोष्ट गोष्ट म्हणून सांगा, आम्ही पोरांना मांडीवर घेऊन ऐकवू. पण गोष्टीला विज्ञानाचा कोट चढवला की 'कसं?' विचारणाराच गुन्हेगार ठरतो. म्हणून मधली रेघ पुसू द्यायची नाही.

मात्र रेघ ओढली की समीक्षा झाली, असंही नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंची एकेक कादंबरी घेऊ. दोन्हींत माणूस काळातून प्रवास करतो.

पहिली वेल्सची 'द टाइम मशीन', १८९५. प्रवासी यंत्रावर बसून सन ८०२७०१ मध्ये पोचतो. वर उजेडात एलॉय: नाजूक, खेळकर, बिनकामाचे. खाली अंधारात मॉरलॉक: मशीनं चालवणारे, एलॉयांना कपडालत्ता पुरवणारे आणि रात्री वर येऊन त्यांनाच खाणारे. असं का झालं? प्रवासी उत्तर काढतो की मालक वर, मजूर खाली, ही फट रुंदावत गेली आणि माणसाच्या दोन जमाती झाल्या. देव नाही, पूर्वजन्म नाही. माणसांनीच केलेल्या वाटणीचं हे फळ. इथं विज्ञानकथेची ताकद दिसते. वेल्सची आई जमीनदारी हवेलीत हाउसकीपर होती. तळघरातून, भुयारातून वावरणारे नोकर त्यानं पोरवयात पाहिले होते.

पण कादंबरीत तो उभा राहतो वरच्यांत. प्रवासी एलॉयांच्या पोरीला जपतो आणि मॉरलॉकांना लोखंडी दांड्यानं हाणतो, आणि हाणताना त्याला मजा वाटते. आता एक बारीकशी जागा बघा. मॉरलॉकांनी पळवलेलं यंत्र शेवटी त्याला सापडतं, तेव्हा ते साफ करून, तेल घालून ठेवलेलं असतं. त्यांनी ते थोडंफार खोललंही असावं, कशासाठी आहे ते समजून घ्यायला, असा त्याला संशय येतो. सापळा म्हणूनच दार उघडं ठेवलं होतं, हे मान्य. पण सापळ्यातल्या आमिषाला तेल कशाला घालायचं? परकं मशीन हाती आल्यावर ते पुसून, खोलून बघतो तो राक्षस की फिटर? वेल्सनं ही ओळ लिहिली आणि तो पुढं निघून गेला. त्याला कारण सापडलं. माणूस नाही सापडला.

दुसरी 'किन्ड्रेड', १९७९. लेखिका ऑक्टेव्हिया बटलर, अमेरिकेतली काळी बाई, मोलकरणीची लेक. ज्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली इथं दलित पँथर हे नाव आलं, त्या लोकांतली. गोष्टीतली डॅना १९७६ सालची काळी लेखिका. ती एकाएकी एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडच्या गुलामीत ओढली जाते. मळेवाल्याचा गोरा पोरगा मरायला टेकला की ती तिकडं. तिच्या जिवावर बेतलं की परत इकडं. तो पोरगा तिचाच पूर्वज. यंत्र नाही, खटका नाही, कारण नाही. बटलरनं स्वतःच सांगितलं की यात विज्ञान नाही, ही फँटसी आहे.

पण तो प्रवास सोडला तर एकेका गोष्टीचा हिशोब चोख. चाबूक अंगावर कसा उठतो, गुलामाच्या पोराला अक्षर शिकवलं तर काय होतं, शहाणी माणसंसुद्धा गुलामीला कशी हळूहळू सरावतात. शेवटच्या फेरीत डॅनाचा डावा हात भिंतीत अडकतो आणि कायमचा जातो. वेल्सचा प्रवासी लंगडत, धुळीनं माखून घरी येतो आणि मटण मागतो.

दोन्ही प्रकार 'समजा' या शब्दावर उभे आहेत. आहे तेच एक जग नाही, हे दोन्ही सांगतात, तिथवर सख्ख्या बहिणी. एक कारणाचा जबाब देते, दुसरी आपल्या नियमाचा. पण त्या 'समजा'चा मार कुणाच्या अंगावर पडतो आणि लिहिणारा त्याच्या बाजूनं बघतो की वरच्या गच्चीतून, हे कुठल्याच प्रकारात आयतं मिळत नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

तेव्हा लिहिणाऱ्यांनो, दोन्ही हत्यारं उचला, फक्त एकाला दुसऱ्याच्या नावानं विकू नका. आणि कुणीतरी ती रात्र लिहाच, मॉरलॉकानं हातात फडकं घेऊन ते परकं मशीन पुसलं, ती. त्याच्या हातांकडून लिहा.