केराचा भाव

कॅथरिन बू ह्या अमेरिकन लेखिकेचें 'बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स' हें पुस्तक २०१२ सालीं प्रसिद्ध झालें व त्याच वर्षीं त्यास अमेरिकेंतील 'नॅशनल बुक ॲवॉर्ड' हें पारितोषिक मिळालें. मुंबईच्या विमानतळालगतच्या अण्णावाडी नांवाच्या झोपडवस्तींत लेखिकेनें २००७ च्या अखेरीपासून २०११ पर्यंत जें पाहिलें, त्याचा हा वृत्तांत आहे. पुस्तकाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ती बहुधा दारिद्र्याच्या अंगानें झाली. आमच्या मतें त्याचा सर्वांत कसदार भाग दारिद्र्याविषयीं नसून व्यापाराविषयीं आहे, आणि तो व्यापार केराचा आहे. कोपर-डोंबिवलीकडील वाचकांनीं, विशेषतः ज्यांच्या घरीं दुकान किंवा कारखाना आहे त्यांनीं, तें ह्या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे.

पुस्तकाचा नायक म्हणावा असा जो तरुण आहे, तो वेचणाऱ्या पोरांकडून माल विकत घेतो, त्याची निवड करतो व पुढें कारखानदारांस विकतो. ही निवड लेखिकेनें फार बारकाईनें वर्णिली आहे. प्लॅस्टिकची जात ओळखण्यासाठीं तें चावून पाहावयाचें, कठीण असल्यास मोडून त्याचा वास घ्यावयाचा. एखाद्या सराफानें सोनें कसोटीवर घासावें, तशी ही परीक्षा! सोनाराच्या कसबाचें कौतुक करणाऱ्या आमच्या वर्गानें ह्या कसबास कधीं कसब म्हटलें आहे काय? शहरांतील कारखान्यांचा, हॉटेलांचा व दुकानांचा सुका कचरा पुन्हा कच्चा माल होतो तो ह्या मधल्या माणसाच्या दातांमुळें व नाकामुळें.

परंतु ह्याहून मोलाचें प्रकरण पुढें आहे. २००८ सालीं जगाच्या बाजारांत मंदी आली, आणि पंचवीस रुपये किलोनें जाणाऱ्या रिकाम्या बाटल्या दहा रुपयांवर व पांच रुपये किलोची रद्दी दोन रुपयांवर उतरली. न्यूयॉर्कमधील पेढी बुडाली म्हणून अण्णावाडींतलें पोर उपाशी निजलें, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकाहून ह्या पुस्तकांत स्पष्ट कळते.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास येथें डिकन्सची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १८६४-६५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'आवर म्यूच्युअल फ्रेंड' ह्या कादंबरींत हार्मन नांवाचा केराचा मक्तेदार मेल्यानंतर त्याच्या केराच्या टेकड्यांचा वारसा कोणाकडे जातो, ह्यावर सारें कथानक उभें आहे. त्या टेकड्यांत मुख्यतः कोळशाची राख असे आणि तिला विटांच्या भट्ट्यांकडून गिऱ्हाईक होतें. म्हणून एके काळीं मक्तेदार केर उचलण्याच्या हक्कासाठीं उलट वॉर्डांनाच पैसे मोजीत. मागणी घसरली तेव्हां त्याच कामासाठीं वॉर्डांना मक्तेदारांचे हात ओले करावे लागले. डिकन्सनें ह्या टेकड्यांचें रूपक केलें. धन म्हणजे धूळ, हा त्याचा उपदेश. रूपक समर्थ आहे ह्यांत शंका नाहीं. पण चाळण्या घेऊन त्या राखेंत दिवसभर उभ्या असणाऱ्या बायका मेह्यूच्या १८५१ च्या ग्रंथांत भेटतात, डिकन्सच्या कादंबरींत त्या जवळजवळ नाहींत. बूबाईंनीं रूपक केलें नाहीं, त्यांनीं भाव विचारला. ह्या एका बाबतींत आम्ही त्यांस डिकन्सहून वरचढ मानतों.

आमच्या मराठींत काय आहे? अण्णा भाऊ साठे ह्यांची 'स्मशानांतील सोनें' ही कथा चटकन आठवते. खाणीचें काम सुटल्यावर स्मशानांत सोनें शोधूं लागलेल्या भीमाची ती कथा जगांतील कोणत्याही भाषेस भूषण व्हावी अशी आहे. तथापि तेथें वस्तु सोन्याची आहे. पुठ्ठा, पत्रा व बाटली ह्यांवर चालणारा नित्याचा प्रपंच आमच्या कथाकारांनीं क्वचितच हातीं घेतला. रद्दीवाल्याशीं रुपया-आठ आण्यांसाठीं हुज्जत घालण्यांत मात्र आम्ही मागें राहिलों नाहीं!

आतां बूबाईंच्या पुस्तकांतील उणीव सांगितली पाहिजे. माल निवडणारा, वेचणारा, चोरणारा हे सर्व जिवंत उतरले आहेत. पण टाकणारा कोठें आहे? विमानतळाभोंवतालच्या आलिशान हॉटेलांतील पाहुणा व व्यवस्थापक छायारूपच राहतात. ज्याच्या दारांतून केर बाहेर पडतो त्याच्याकडे पुस्तकाचें बोट वळत नाहीं, आणि त्यामुळें वाचकासही आपण ह्या व्यवहारांत कोणी आहों असें वाटत नाहीं.

कोपर-डोंबिवलीच्या बाजारांत रात्रीं दुकानें बंद होतांना जें बाहेर येतें तें पाहावें. खोके रद्दीवाला नेतो, बाटल्या व पत्रा भंगारवाला नेतो, कारण त्यांस भाव आहे. खानावळीचें उष्टें, सडका भाजीपाला व थर्माकोल ह्यांस भाव नाहीं, म्हणून वालीही नाहीं. हा बिनभावाचा माल वर्षानुवर्षें कल्याणच्या आधारवाडी येथें सांचत गेला. त्याची टेकडी हार्मनच्या टेकड्यांस लाजवील अशी झाली. फरक इतकाच कीं, तिचा वारसा सांगावयास कोणी पुढें येईना. प्रकरण येथवर गेलें कीं, २०१५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें कल्याण-डोंबिवलींतील नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबविल्या. आधारवाडींत केर टाकणें बंद झालें तें २०२१ सालीं.

दरम्यान केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीं रोज सरासरी शंभर किलोंहून अधिक केर करणाऱ्या आस्थापनांस मोठे उत्पादक ठरविलें. हॉटेलांनीं केर वेगळा करावा, ओला शक्यतों जागच्या जागीं जिरवावा, सुका अधिकृत वेचकांच्या किंवा कारखानदारांच्या हवालीं करावा, अशी त्यांची योजना होती. वर्गीकरण व शुल्क लहान दुकानदारासही चुकलें नव्हतें. पण शंभर किलोंच्या रेषेखालीं आपण निर्दोष आहों अशी समजूत करून घेणें त्यास सोपें गेलें. अशीं पन्नास निर्दोष दुकानें एका रस्त्यावर असलीं कीं टेकडीस आरंभ होतो.

लंडनमध्यें जें झालें व अण्णावाडींत २००८ सालीं जें झालें, त्यांतून आम्ही एक अनुमान काढतों: केर उचलण्याचें काम मालाच्या भावावर सोंपवितां येत नाहीं. भाव पडला कीं उचलणारा थांबतो, पण दुकानाचा केर थांबत नाहीं. ह्याचें उत्तर पुण्यास अंशतः सांपडलें आहे. तेथें १९९३ सालीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही वेचकांची संघटना उभी राहिली व तिच्यांतून निघालेल्या 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेनें २००८ पासून महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा व दुकानांचा केर गोळा करण्यास आरंभ केला. घरमालक व दुकानदार दरमहा शुल्क देतात. सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे वेचणारीचे. रद्दी दोन रुपयांवर आली तरी तिचें शुल्क बुडत नाहीं. टाकणाराही ह्या हिशेबांत नांवानिशीं आला, हेंच आम्हांस त्यांतील मुख्य वाटतें.

बूबाईंची इंग्रजी साधी व वेगवान आहे. कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींस ती अडणार नाहीं. मात्र लेखिका कथनांतून स्वतः इतकी दूर राहिली आहे, आणि पात्रांच्या मनांतील विचार इतक्या खात्रीनें सांगते, कीं आपण कादंबरी वाचीत आहों असा भ्रम होतो. माहिती कशी मिळविली, कोणते कागद पाहिले, ह्याचा खुलासा तिनें शेवटच्या टिपणांत केला आहे. तें टिपण वाचकांनीं आधीं वाचावें आणि मग पहिल्या पानाकडे वळावें.