विमानाखालचे शहर

वैमानिकांनी लिहिलेली पुस्तके वाचीत असता त्यांतली एक उणीव प्रथम नजरेत भरत नाही. पण एकदा भरली म्हणजे ती पानोपानी जाणवत राहते. या पुस्तकांत आकाश विपुल आहे. ढगांचे आकार, चांदण्यातला समुद्र, वादळात सापडलेल्या माणसाची एकाग्रता, यंत्राशी जडलेले जवळजवळ शारीरिक म्हणावे असे नाते, हे सारे या लेखकांनी इतक्या उत्कटतेने लिहिले आहे की त्या विषयाला दुसऱ्या कोणी हात घालायला धजू नये. पण हा माणूस विमानातून उतरल्यावर जातो कोठे? त्याचे बिऱ्हाड कोठल्या गल्लीत आहे? जानेवारीतल्या पहाटे चार वाजता, रस्ते बर्फाने भरलेले असताना, तो विमानतळावर पोचतो कसा? याला ही पुस्तके बहुधा उत्तर देत नाहीत. शहर त्यांत येते ते वरून दिसणाऱ्या दिव्यांचा पुंजका म्हणून. आणि दिव्यांच्या पुंजक्यात कोणी राहत नसते.

हा आक्षेप काहींना क्षुद्र वाटेल. खलाशाच्या कादंबरीत आपण त्याच्या खोलीचे भाडे विचारीत बसतो का, असे कोणी म्हणेल. विचारीत नाही, हे खरे. पण खलाशी महिनोन्‌महिने जहाजावरच राहतो, जहाज हेच त्याचे घर असते. वैमानिकाचे तसे नाही. तो दर दोन-चार दिवसांनी जमिनीवर येतो आणि त्याला कोठल्या तरी शहरात राहावेच लागते. ते शहर पुष्कळदा त्याने निवडलेले नसते. कंपनी नेमून देते. उत्तर अमेरिकेत ही नेमणुकीची शहरे म्हणजे शिकागो, मिनिॲपोलिस, डिट्रॉइट, टोरांटो, न्यूयॉर्कलगतचे न्यूअर्क, अशी आहेत. हिवाळा ही तिथली पाहुणी गोष्ट नव्हे. ॲरिझोनात किंवा फ्लॉरिडात, जिथे बारा महिने निरभ्र आकाश मिळते म्हणून उड्डाणाच्या शाळा भरल्या, तिथे शिकलेला तरुण नोकरी लागताच या शहरांत येऊन पडतो. हे स्थलांतर या धंद्याचा एक मूलभूत अनुभव आहे. साहित्यात त्याचे काय झाले, एवढाच माझा प्रश्न आहे.

आंत्वान द सेंत-एक्झुपेरी हा या परंपरेतला सर्वांत मोठा लेखक. १९२९ साली तो टपालविमानांची व्यवस्था पाहण्यासाठी ब्वेनोस आयरेस येथे गेला, आणि तिथल्या अनुभवातून त्याची ‘रात्रीचे उड्डाण’ ही कादंबरी १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात शहर मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. युरोपचे टपाल नेणारा वैमानिक फेरीवर निघण्यापूर्वी आपल्या घरात झोपलेला आहे, त्याची बायको त्याच्याकडे पाहत आहे, हा प्रसंग मला त्या कादंबरीतला सर्वांत खरा वाटतो. तो उठतो, खिडकीशी जातो, खाली पसरलेल्या नगराकडे पाहतो. आणि बायकोच्या ध्यानात येते की हा या नगराचा रहिवासी राहिलेलाच नाही. घर, दिवा, फुले यांच्यावर त्याची नजर आहे, पण मन केव्हाच वर गेले आहे. लेखकाला हे कळले होते. पण त्याने ते कळणे त्या बाईच्या पदरात टाकले आणि स्वतः कर्तव्य, धैर्य, मृत्यू यांच्याकडे वळला. रिव्हिएरच्या कठोर कर्तव्यनिष्ठेवर समीक्षकांनी भरपूर लिहिले आहे. त्या खिडकीबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

चार्ल्स लिंडबर्गचे ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ (१९५३) तर नावातच शहर बाळगून आहे. १९२६ मध्ये तो सेंट लुइस ते शिकागो टपाल नेत असे. त्या वर्षीच्या पानगळीत धुक्याने आणि बर्फाने वाट अडवल्यामुळे त्याला दोनदा अंधारात छत्रीने उडी टाकावी लागली. हे सर्व वाचताना अंगावर काटा येतो. पण सेंट लुइस या शहराचे पुस्तकातले काम मुख्यतः एवढेच की तिथल्या पेढीवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी विमानासाठी पैसा दिला. नाव विमानाला मिळाले, आणि त्याच्याबरोबर तेही उडून गेले.

या सर्वांत मला अधिक विचार करायला लावणारे पुस्तक म्हणजे अर्नेस्ट गॅनचे ‘फेट इज द हंटर’. ते १९६१ साली निघाले. गॅन हा सेंत-एक्झुपेरीइतका कवी नाही, आणि त्यामुळे काही बाबतींत अधिक विश्वसनीय आहे. पुस्तकाच्या आरंभी त्याने आपल्या मृत सहकाऱ्यांची नावे ओळीने छापली आहेत. शेकड्यांनी आहेत ती. विमानकंपनीत वैमानिकाला ज्येष्ठतेचा एक क्रमांक मिळतो. तो आयुष्यभर त्याच्यापुढे चालतो, आणि वरचा कोणी मेला किंवा निवृत्त झाला म्हणजे खालचे सारे एकेक पायरी वर सरकतात. ही गोष्ट गॅनने ज्या थंडपणे मांडली आहे, तीत या धंद्याचे सारे अर्थशास्त्र आणि थोडेसे अध्यात्मही येऊन जाते.

त्याच पुस्तकात तो बर्फाचा प्रसंग आहे. डीसी-२ जातीचे विमान, डोंगराळ मुलूख, पंखांवर चढत जाणारा बर्फाचा थर, उंची राखता न येणे, आणि शेजारी बसलेल्या अनुभवी कप्तानाचे ते शांत हात. नवखा गॅन भीतीने गारठला आहे. पण त्याचे डोळे त्या हातांवर आहेत. तो शिकतो आहे. दुसऱ्या एका ठिकाणी कप्तान रॉस त्याची परीक्षा पाहतो: गॅन केवळ यंत्रांकडे पाहून विमान उतरवीत असताना हा गृहस्थ त्याच्या नाकासमोर काड्या पेटवून धरतो. वाचकाला प्रथम हा छळ वाटतो. पुढे एका खऱ्या संकटात त्या काड्यांचा अर्थ लागतो. हिवाळी आकाशाची विद्या पुस्तकातून येत नाही. ज्यांनी त्याच मार्गावर एकामागून एक हिवाळे काढले आहेत त्यांच्या शेजारी बसून ती अंगात भिनते, हे गॅनने दाखविले तसे कोणी दाखविलेले नाही.

पण इथेच गॅन अर्ध्यावर थांबतो. त्याच्या लेखी हिवाळा आकाशातच आहे. तो एक शत्रू आहे. डोंगरामागे दबा धरून बसतो, हल्ला करतो, परततो. वास्तविक त्या म्हाताऱ्या कप्तानांना तो कळला याचे एक कारण असे असले पाहिजे की ते त्या हिवाळ्यात राहत होते. सकाळी दार उघडल्यावर बोचणारी हवा आज कोरडी आहे की ओली, मोटारीच्या काचेवर जमलेले खरवडून निघते की चिकटून बसते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. जो माणूस पावसाळ्यात कोकणात वाढला त्याला काळ्या ढगांचा रोख विचारावा लागत नाही, तसेच हे. शहर आणि आकाश यांत गॅनने जी भिंत घातली, ती त्याच्या धंद्यात नव्हती. ती साहित्याने घातलेली होती.

अलीकडच्या काळातला मार्क व्हॅनहोनेकर हा लेखक या बाबतीत पुढे गेला आहे हे मान्य केले पाहिजे. ‘स्कायफेअरिंग’ (२०१५) मध्ये त्याने एक सुंदर कल्पना मांडली: घड्याळ मागेपुढे होण्याने शरीर जसे गोंधळते, तसे स्थळ बदलल्यानेही मन गोंधळते, आणि ते नव्या जागी उशिरा पोचते. ‘इमॅजिन अ सिटी’ (२०२२) तर शहरांवरच आहे, आणि त्यात बर्फाळ शहरांवर एक प्रकरणही आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान थंड गावातला हा मुलगा लंडनला येऊन वैमानिक झाला, ही स्थलांतराचीच कथा. परंतु त्याची दृष्टी प्रेमिकाची आहे. तो शहरांवर लुब्ध होतो, दोन दिवस त्यांच्यात हिंडतो, आणि निघतो. त्याचे गद्य इतके सौम्य आहे की कधीकधी वाटते, याला एकदा तरी कोणी घरभाड्यासाठी दारावर थाप मारायला हवी होती.

वस्तुस्थिती अशी आहे. कंपनीत नव्या माणसाचा ज्येष्ठताक्रमांक शेवटचा. म्हणून त्याच्या वाट्याला पुष्कळदा तेच शहर येते जे वरच्यांनी सोडून दिलेले असते. आणि तिथेही त्याला ‘राखीव’ म्हणून बसावे लागते, म्हणजे दूरध्वनी वाजला की ठरलेल्या थोड्या वेळात विमानतळावर हजर. तिथे घर करावे, तर कंपनी तो तळच बंद करण्याचा संभव. कंपनी बदलावी, तर क्रमांक पुन्हा तळाशी. म्हणून अनेकजण बिऱ्हाड हलवीतच नाहीत. बायकामुले, आईबाप आपल्या जुन्या उबदार गावी. आणि वैमानिक कामावर जाण्यासाठी दुसऱ्या विमानाच्या रिकाम्या जागेवर बसून हजार-दोन हजार मैल येतो. विमानतळाजवळच्या एखाद्या घरात खाटा भाड्याने मिळतात. त्यालाही ‘क्रॅशपॅड’ असे काहीसे अशुभ नाव आहे. तिथे पुष्कळदा ठरावीक खाट नसते, जी रिकामी असेल ती आपली; चादर ज्याची त्याने आणायची. या माणसाला शहर नाही. त्याला फक्त शहराचा विमानतळ आहे.

या विषयावरचे सर्वांत अस्वस्थ करणारे लेखन मला ज्या ठिकाणी सापडले, त्याला आपण साहित्य म्हणत नाही. अपघातानंतर वैमानिकांच्या कक्षातील ध्वनिमुद्रणाची जी लेखी प्रत चौकशी मंडळ प्रसिद्ध करते, तिच्याविषयी मी बोलतो आहे. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये हिमवर्षाव चालू असताना एअर फ्लॉरिडाचे विमान उडाले आणि लगेच पोटोमॅक नदीवरच्या पुलावर आदळून पाण्यात गेले; पुलावरचे ४ धरून ७८ माणसे मेली. त्या प्रतीत एक क्षण असा आहे की उड्डाणापूर्वीची यादी वाचताना इंजिनांवरचे बर्फ रोखणाऱ्या यंत्रणेचे नाव उच्चारले जाते, आणि उत्तर येते, ती बंद आहे. कोणी चमकत नाही. वादविवाद नाही. उष्ण प्रदेशात हजार वेळा दिलेले उत्तर जिभेवर आले आणि गेले. असा संवाद नाटककाराला सुचणार नाही. सुचला तर तो त्याखाली रेघ मारील. हिवाळ्यात जेट विमान चालविण्याचा वैमानिकांचा अनुभव तोकडा होता, हे चौकशी मंडळाने अपघाताच्या साहाय्यक कारणांत नमूद केले.

दुसरी प्रत १२ फेब्रुवारी २००९ ची. न्यूअर्कहून बफेलोला निघालेले कोलगन एअरचे विमान उतरण्याच्या सुमारास कोसळले. घरात असलेला एक इसम धरून ५० जण गेले. सहवैमानिक २४ वर्षांची होती. ती राहत होती सिॲटलला, तळ होता न्यूअर्कला. म्हणजे मध्ये सारे अमेरिका खंड. आदली रात्र तिने मालवाहू विमानांतून प्रवास करीत काढली होती आणि तिला सर्दी झालेली होती. कप्तानही फ्लॉरिडात राहणारा. शेवटच्या काही मिनिटांत दोघे पंखांवरच्या बर्फाविषयी बोलतात. ते नियमाप्रमाणे त्या वेळी बोलायला नको होते. ती सांगते की या नोकरीत येण्यापूर्वी तिने असे बर्फ कधी पाहिलेच नव्हते. आणि कप्तानपद मिळण्यापूर्वी या ईशान्य भागातला एक हिवाळा काढायला मिळाला तर बरे, अशी इच्छा ती बोलून दाखविते.

चौकशी मंडळाने अपघाताचे कारण बर्फ ठरविले नाही. वेग कमी होत गेला तो दोघांच्या लक्षात आला नाही, आणि धोक्याची सूचना मिळताच कप्तानाने विमानाचे तोंड खाली करण्याऐवजी वर ओढले, असा निष्कर्ष होता. थकव्याचा परिणाम बहुधा झाला असावा, पण किती ते ठरविता येत नाही, असेही म्हटले. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला, वैमानिकाच्या किमान अनुभवाची आणि विश्रांतीची नवी बंधने आली. वैमानिकाने कोठे राहावे याचे बंधन मात्र आले नाही, आणि ते घालणे सोपेही नाही. माणसाला सांगता येईल की अमुक वेळ विश्रांती घे, पण आपल्या आईचे घर सोड असे कसे सांगणार? म्हणून मी त्या मुलीच्या वाक्याला अपघाताचे कारण म्हणत नाही. पण गॅनच्या पुस्तकात जी गोष्ट मला शोधूनही सापडली नाही ती इथे आहे: हिवाळा हा ‘काढायचा’ असतो, ओलांडायचा नसतो, याची जाणीव. ती जाणीव तिला होती. हिवाळा मात्र ती कामाच्या वेळेपुरताच पाहत होती.

मराठी वाचकाला हा सारा विषय दूरचा वाटू नये. आपल्या प्रवासवर्णनांत बर्फ पुष्कळ आहे, पण ते पाहुण्याचे बर्फ आहे. लेखक खिडकीतून पाहतो, मोहरून जातो, आणि पुढच्या गाडीने निघतो. फावडे हातात घेऊन अंगण मोकळे करणारा मराठी माणूस शिकागोत किंवा टोरांटोत आता कित्येक वर्षे राहतो आहे, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडल्यावर इथल्या कितीतरी वैमानिकांना परदेशी नोकऱ्यांचे रस्ते शोधावे लागले. त्यांच्यातल्या कोणी लिहायला घेतले, तर त्याला पहिली अडचण भाषेची येईल. रिमझिम, भुरभुर, सर, झड, मुसळधार, अशी पावसाची नावे आपण घरातच शिकतो. पण वरून पडणारे भुसभुशीत ते बर्फ, पंखावर गोठून बसलेले पारदर्शक तेही बर्फ, आणि सरबतात घालतो तेही बर्फच. फार झाले तर हिम म्हणावे, नाहीतर गारा. उलट बर्फाळ शहरातल्या वैमानिकाजवळ एक तक्ता असतो. विमानावर बर्फरोधक द्राव फवारल्यानंतर किती मिनिटांत उडाले पाहिजे हे त्यावरून ठरते, आणि ती मिनिटे वरून काय पडते आहे यावर अवलंबून असतात: हलके हिम, दाट हिम, पडताच गोठणारी भुरभुर, पडताच गोठणारा पाऊस. शेवटच्या दोहोंतला फरक खिडकीतून पाहून सांगावा लागतो, रात्रीच्या वेळी, दिव्याच्या झोतात.