स्वतःवरचा विनोद नेमका कुणाचा?

'पिच परफेक्ट' (२०१२) पाहिलाय ना? त्यात रेबेल विल्सनचं पात्र स्वतःची ओळखच 'फॅट एमी' अशी करून देतं. कारणही सांगतं: बारीक मुलींनी पाठीमागे म्हणण्याआधी आपणच म्हटलेलं बरं. मी पण हसले होते. पुढे पीएचडीच्या पहिल्या वर्षी याच प्रसंगासमोर 'स्वतःला कमी लेखणारा विनोद' असा कोड टाकला आणि मोकळी झाले.

हा कोड मी घेतला होता रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रश्नावलीतून. तिच्यात ३२ विधानं आणि विनोदाच्या चार शैली आहेत: नाती जोडणारी, स्वतःला सावरणारी, दुसऱ्याला टोचणारी आणि स्वतःला कमी लेखणारी. साधन उपयुक्तच आहे. पण ते माणसाची सवय मोजतं, तीही त्याने स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवरून. पडद्यावरचं वाक्य मोजायला ते बनवलेलंच नाही.

आमच्या मॅडमनी एवढंच विचारलं, "हे वाक्य कुणाचं गं?" तिथे माझी गाडी अडली. पटकथा के कॅनन यांची. शिवाय विल्सनने नंतर मुलाखतींत सांगितलं की वजनात फार फरक पडू द्यायचा नाही, अशी अट करारातच होती. २०२० मध्ये तिने वजन कमी करायचं ठरवलं, तेव्हा तिच्याच टीमने विरोध केला. 'विनोदी जाडी मुलगी' म्हणून कमाई चांगली चालली होती ना! मग याला तिचा स्वभाव कसं म्हणायचं? तो तिच्या कामाचा भाग होता.

याउलट हॅना गॅड्सबीचा 'नॅनेट' (२०१८) बघा. विषय मुख्यतः शरीराचा नाही, पण तिथे लिहिणारी आणि सादर करणारी व्यक्ती एकच आहे. म्हणून तर उपेक्षितांनी स्वतःवर हसणं ही नम्रता नसून मानहानी आहे, असं सांगून तसे विनोद थांबवण्याची घोषणा मंचावरूनच करता आली.

अर्थात विल्सनला 'बिचारी' ठरवणंही घाईचंच. याच भूमिकांनी तिला नाव मिळवून दिलं.

तेव्हा सेलिब्रिटींवर काम करणार असाल तर कोडिंग शीटमध्ये तीन रकाने वाढवा: वाक्य कुणी लिहिलं? त्यावर पैसा कोण कमावतं? बोलणाऱ्याला ते थांबवता येईल का? मी हे उशिरा केलं, आणि अख्खं प्रकरण पुन्हा कोड करत बसले.