‘दुहेरी सदस्यत्व’ : एका राजकीय शब्दप्रयोगाची समीक्षा

१

मार्च १९७७ च्या निवडणुकीत डहाणू (राखीव) मतदारसंघातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम लोकसभेवर निवडून गेले. आजच्या पालघर मतदारसंघाचा हा पूर्वावतार होय. त्याच लोकसभेतून मोरारजी देसाई यांचे जनता सरकार उभे राहिले व त्यात पूर्वीच्या भारतीय जनसंघातील अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी व ब्रिजलाल वर्मा हे मंत्री झाले. केंद्रीय सत्तेत जनसंघीयांचा हा पहिलाच प्रवेश. आणि मार्क्सवादी पक्षाचा त्या सरकारला बाहेरून पाठिंबा होता. ज्या प्रवाहास डावे ‘अतिउजवा’ म्हणत आले (तो प्रवाह स्वतः हे विशेषण मान्य करीत नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल), त्याचा सत्ताप्रवेश अशा रीतीने डाव्यांच्याच अनुमतीने घडला.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर ह्यात नवे असे फारसे नव्हते. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट व जनसंघ एकत्र नांदले होते. त्या वर्षी जनसंघास देशभर मिळालेल्या लोकसभेच्या चार जागांपैकी धुळे व रत्नागिरी ह्या दोन महाराष्ट्रातील होत्या. त्याच निवडणुकीत ठाण्यातून शामराव परुळेकर निवडून आले. १९५७ ची एकजूट भाषिक राज्यासाठी होती, १९७७ ची आणीबाणीविरुद्ध. दोन्ही वेळी एकजुटीचे कारण सबळ होते. मात्र एकत्र येऊन झाल्यावर विरोध करावयाचा तो कोणत्या शब्दांत, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्या शब्दांचा विचार येथे कर्तव्य आहे.

२

जनता पक्षाच्या अंतर्गत वादातून ‘दुहेरी सदस्यत्व’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. जनता पक्षाच्या सभासदाने त्याच वेळी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सभासद असू नये, असा आग्रह मधु लिमये व त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी धरला. रचनेने हे इंग्रजी संज्ञेचे भाषांतर आहे. तरीही मराठीत ते परके वाटले नाही. ‘दुहेरी’ हा शब्द कापडाच्या घडीस लावला असता निर्दोष असतो. माणसाच्या वर्तनास लावला की त्यास ‘दुटप्पी’ची छटा येते. तर्काचा काटेकोरपणा आणि निंदेची धार हे दोन्ही गुण एकाच समासात सापडल्याने शब्द बलवान झाला. शिवाय त्याने दर्शविलेली गोष्ट पडताळून पाहता येण्याजोगी होती : अमुक गृहस्थ दोन्हीकडे आहेत किंवा नाहीत. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाण यांनी अविश्वासाचा ठराव मांडला, जनता पक्ष दुभंगला व मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला. त्या पडझडीमागे सत्तास्पर्धा बरीच होती. परंतु तिला तत्त्वाची भाषा पुरविली ती मुख्यतः ह्या शब्दाने.

ह्याच शब्दात एक न्यून दडलेले होते व ते फारसे लक्षात घेतले गेले नाही, असे म्हणावे लागते. विशेषणाने दोष दाखविला तो ‘दुहेरी’पणाचा. मग सदस्यत्व एकेरी झाल्यास आक्षेप कशावर घ्यावयाचा? एप्रिल १९८० मध्ये जनता पक्षाने दुहेरी सदस्यत्वास बंदी केली. पूर्वीचे जनसंघीय बाहेर पडले आणि ६ एप्रिल रोजी भारतीय जनता पक्ष स्थापन झाला. संघाशी असलेले नाते आता लपविण्याचे कारण उरले नाही व त्याबरोबर आरोपही निकालात निघाला. लिमये यांचा मूळ आक्षेप विचारसरणीवर होता. संज्ञेने तो संघटनेच्या नियमावर आणून ठेवला. युक्तिवाद जिंकला गेला आणि विषय हातातून निसटला.

३

दुसरा शब्द ‘फॅसिस्ट’. त्याची अडचण उलट प्रकारची आहे. ‘दुहेरी सदस्यत्व’ फार अरुंद, तर हा फार सैल. १९७४-७५ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाने जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनास फॅसिस्ट ठरविले व पुढे आणीबाणीस पाठिंबा दिला. मार्क्सवादी पक्ष त्याच दशकात पश्चिम बंगालमधील काँग्रेसी राजवटीस ‘अर्धफॅसिस्ट’ म्हणत होता. म्हणजे दोन कम्युनिस्ट पक्षांनी एकच दगड दोन विरुद्ध दिशांना फेकला. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेसही डाव्यांनी हेच विशेषण दीर्घकाळ लावले; २०२४ साली पालघरमध्ये भाजपविरोधासाठी शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या उमेदवारास डाव्यांचा पाठिंबा होता. मित्र बदलणे हा राजकारणाचा धर्मच आहे. पण जो शब्द आज शत्रूस व उद्या मित्रास लावावा लागतो, तो पुढे इशारा देण्याचे काम करू शकत नाही. मे १९९६ मध्ये वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार आले, त्या वेळी डहाणूचे खासदार भाजपचे चिंतामण वनगा होते. एकोणीस वर्षांपूर्वी लाल बावट्याचा खासदार निवडणाऱ्या ह्या मुलखास विरोधासाठी जे शब्द ऐकू आले त्यात ‘फॅसिस्ट’ व ‘धर्मनिरपेक्ष’ हेच ठळक होते. पहिला युरोपातील उपमेवर उभा, दुसरा नकारात्मक समास. वारलीच्या नित्याच्या बोलण्यात दोहोंनाही जागा नव्हती.

४

ह्याच भूमीत डाव्यांनी शब्द कसे योजले होते? मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली. तिच्यापुढचे शब्द ‘वेठ’ आणि ‘लग्नगडी’ हे होते. लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारा तो लग्नगडी. ह्या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्यास समजावून सांगावा लागत नव्हता, कारण तो त्याच्या घरातलाच होता. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) ह्या ग्रंथाचे सामर्थ्य पुष्कळ अंशी अशा शब्दांत आहे.

प्रतिपक्षाने हे मर्म ओळखले. संघपरिवाराने ‘आदिवासी’ऐवजी ‘वनवासी’ हा शब्द प्रचारात आणला. ‘आदिवासी’ म्हणजे आधीपासूनचा. त्यात जमिनीवरील पहिल्या हक्काचे सूचन आहे. ‘वनवासी’ राहण्याचे ठिकाण सांगतो, हक्क सांगत नाही. मात्र मराठी कानास तो रामाचा वनवास आठवून देतो. अर्थाची एवढी मोठी उलथापालथ इतक्या सौम्यपणे क्वचितच साधली जाते. ह्या शब्दाशी डाव्यांनी येथे झुंज दिली ती ‘वनहक्क’, ‘दावा’, ‘सातबारा’ ह्या शब्दांनी. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस गेलेल्या शेतकरी मोर्चातही वनजमिनीचा हक्क ही प्रमुख मागणी होती. डहाणू विधानसभेची जागा मार्क्सवादी पक्षाने २०१९ व २०२४ मध्ये जिंकली. पालघरची लोकसभेची जागा २०२४ मध्ये भाजपने जिंकली. एकट्या शब्दाने निकाल ठरत नाहीत. जागावाटप, पैसा, संघटना ही कारणे असतातच. तरीही सातबाऱ्याची भाषा डहाणूत पोचते आणि दिल्लीच्या सत्तेविषयीची भाषा तेथवर पोचत नाही, हे अंतर अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

बोईसर-तारापूरकडे वळल्यास हे अंतर अधिक वाढते. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतांतून आलेला कामगार मोठ्या संख्येने आहे. त्याला ‘लग्नगडी’ ठाऊक नाही, ‘वनहक्क’ त्याचा नाही. त्याच्या रोजच्या तोंडचे शब्द ‘ठेकेदार’, ‘हजेरी’, ‘ब्रेक’. ब्रेक म्हणजे कायम करावे लागू नये म्हणून मध्येच दिलेली कामबंदी. ह्या शब्दांपासून केंद्रातील सत्तेच्या स्वरूपापर्यंत नेणारी वाट डाव्या साहित्यात अद्याप नीट बांधली गेलेली नाही.

सत्तेत कोणी यावे हे ठरविणे समीक्षेचे काम नव्हे. परंतु एखाद्याने येऊ नये असे जे म्हणतात, त्यांनी आपला आक्षेप अशा शब्दांत मांडला पाहिजे, की प्रतिपक्षाने नाव बदलले, घटना बदलली वा मित्र बदलले तरी तो टिकून राहावा. ‘दुहेरी सदस्यत्व’ ह्या कसोटीस तीन वर्षांतच उतरेनासे झाले. ‘वेठ’ हा शब्द मात्र वेठ संपेपर्यंत टिकला; आणि ती संपविण्यात त्या शब्दाचाही वाटा होता.