हंगाम कोणाच्या सुगीचा?

झाडीपट्टीची रंगभूमी भडक, असं आपण शिकलेली माणसं सहज म्हणून टाकतो. पण भाताची कापणी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि लोक तिकीट काढून रात्रभर बसतात. आपला आक्षेप असलाच तर गाण्यांवर असावा. किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये पद म्हणजे पात्राचं बोलणंच. झाडीपट्टीत कथेशी नातं नसलेलं गाणं मध्येच घुसतं, तेव्हा नाटक थांबतं.

तरी पाटोद्यानं तिथून एक गोष्ट घ्यावी. दिवाळीनंतर तिकडचं गाव मांडवात जमतं. आपलं ऊसतोडीला जातं. मग आपण नाटकं हिवाळ्यात का लावायची? कोयते उन्हाळ्यात गावी परततात. आपला पडदा तेव्हाच उघडायला हवा.