वजनकाट्याचा आकडा आणि त्याचा प्रवास : एक चिकित्सा

शिरोळ हा कृष्णा-पंचगंगेच्या काठचा ऊसपट्टा. येथे संगणकीय देवाणघेवाणीचा विचार वजनकाट्यापासून करणे उचित ठरेल; काटामारीची शंका येथील शेतकऱ्याला नवी नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याचा निर्देशक आपला आकडा बहुधा आरएस-२३२ या १९६० पासूनच्या सिरियल मानकाने एकेका अक्षराने बाहेर पाठवितो. ही तार सुमारे १५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. म्हणून तो अक्षरप्रवाह नेटवर्कवर चढविणारे 'सेर टू नेट'सारखे प्रोग्राम आणि छोटी उपकरणे आली.

त्यांची सोय मान्य करूनही एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. टीसीपी अक्षरांचा क्रम राखते; ती केव्हा निघाली हे मात्र सांगत नाही. नेटवर्क अडखळले तर मागील ट्रॅक्टरचे साचलेले आकडे पुढील ट्रॅक्टर काट्यावर चढल्यानंतर पोहोचू शकतात. कार्यालयातील आज्ञावलीने ते तसेच स्वीकारले तर चूक कोणाची? काटा तर प्रमाणित आहे! ऑक्टोबर १९९७ च्या आरएफसी २२१७ ने पोर्टचा वेग व पॅरिटी दुरून ठरविण्याची सोय दिली, वेळेची नोंद दिली नाही. शिवाय टेलनेटवर आधारलेली असल्याने मूळ स्वरूपात माहिती उघडीच वाहते. 'सेर टू नेट'च्या चौथ्या आवृत्तीत कूटबद्ध जोडणी शक्य झाली, परंतु ती मुद्दाम योजावी लागते.

वैधमापन तपासणीत काट्यावर प्रमाणित वजने ठेवली जातात. त्याच वेळी पावतीवरील आकडाही पडताळावा, आणि नेटवर्कची तार मध्येच काढून पुन्हा जोडून पाहावी.